स्ट्रक्चरल इंजिनिअरने काँक्रीट कुठे आणि कसं शिकावं?

प्रश्न ज्यांच्या नजरेतून सुटला असेल त्यांच्यासाठी थोडक्यात. विचारणारे इंदूरच्या एका कन्सल्टंटकडे चार वर्षं डिझाइन करतात. ईटॅब्स (इमारतींच्या डिझाइनचं सॉफ्टवेअर), डिटेलिंग, ड्रॉइंग यांत कुठे अडत नाही. गेल्या महिन्यात बायपासकडच्या एका साइटवर दुसऱ्या मजल्याच्या एम-३० (म्हणजे २८ दिवसांना प्रति चौरस मिमी ३० न्यूटन ताकदीच्या) कॉलमचे क्यूब, म्हणजे त्याच मालाचे चाचणीसाठी भरलेले ठोकळे, २८ दिवसांना सरासरी २६ न्यूटनला फुटले. आरएमसीवाला (प्लांटवरून तयार काँक्रीट पुरवणारा) म्हणाला क्यूब नीट भरलेच नाहीत, ठेकेदार म्हणाला मालच पातळ आला, आणि मालकाने यांच्याकडे वळून विचारलं, "आता तुम्ही सांगा, तोडायचं का?" यांना उत्तर सुचलं नाही. म्हणून विचारताहेत की काँक्रीट मटेरियलचं व्यावसायिक प्रशिक्षण कुठून घ्यावं: एम.टेक., एनपीटेल (आयआयटींचे ऑनलाइन अभ्यासक्रम), एसीआयचं (अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटचं) सर्टिफिकेट की बल्लभगडच्या एनसीबीचा (राष्ट्रीय सिमेंट व बांधकाम साहित्य परिषदेचा) कोर्स? ऑफिस पैसे देईल अशी आशा नाही.

मीही डिझाइनपासूनच सुरुवात केली. पुढे निम्मं काम मिक्स, साइटवरच्या तक्रारी आणि जुन्या इमारतींच्या तपासणीकडे वळलं. त्यामुळे माझं मत थोडं प्रयोगशाळेकडे झुकलेलं असेल, ते धरून वाचा.

कोर्सकडे नंतर येते. मालकाच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तुम्हाला त्या दिवशीही येत होतं, फक्त ते तुमच्या लक्षात आलं नाही. कॉलमचं साधं सूत्र घ्या, ०.४ एफसीके (काँक्रीटच्या ग्रेडची ताकद) गुणिले काँक्रीटचं क्षेत्रफळ, अधिक ०.६७ एफवाय (सळईची ताकद) गुणिले सळईचं. एक टक्का स्टील, एफई-५००, म्हणजे ५०० न्यूटनची सळई. आता ३० च्या जागी २६ घाला. क्षमता साधारण १० टक्क्यांनी उतरते. हाच माल ०.४ टक्के स्टीलच्या स्लॅबमध्ये गेला असता, तर वाकण्यातली क्षमता जेमतेम एक टक्का कमी झाली असती, कारण तिथे आधी सळई बोलते. म्हणजे एकच नापास क्यूब स्लॅबमध्ये वेगळा आणि कॉलममध्ये वेगळा. हे मटेरियलवाल्याला सांगता येणार नाही, तुम्हालाच येईल. मॉडेल उघडून ते कॉलम किती भरलेले आहेत ते बघा. ज्याच्या क्षमतेचा वापर ०.७ आहे आणि ज्याचा ०.९६ आहे, त्या दोघांना मालकासमोर एकच उत्तर देता येत नाही. टिकाऊपणाचा मुद्दा वेगळा उरतो, तो या गणितात येत नाही.

उरलेलं निम्मं उत्तर म्हणजे, २६ हा आकडा खरा आहे का? तुमची कमतरता इथे आहे आणि प्रशिक्षण इथलंच हवं. आयएस ४५६ (काँक्रीटचा भारतीय कोड) मधला स्वीकाराचा तक्ता तुम्ही वाचला असेलच. सुधारित तक्त्याप्रमाणे एका नमुन्याची सरासरी ग्रेडपेक्षा ३ न्यूटनहून खाली नको, म्हणजे एम-३० ला २७. (जुन्या छापील प्रतीत तिथे ४ आहे. त्या हिशेबाने २६ काठावर पास. ऑफिसातली प्रत दुरुस्त्या चिकटवलेली आहे का, ते आजच बघा. बऱ्याच ऑफिसांत नसते.) तक्ता वाचणं सोपं आहे. पण तक्त्यापर्यंत पोचणारा आकडा एखाद्या मुलाने घमेल्यातून मोल्ड भरताना तयार केलेला असतो, आणि ते भरणं तुम्ही कधी पाहिलेलं नाही.

मी अशा वेळी सर्वांत आधी क्यूबांची वजनं मागते. आपल्याकडची गिट्टी दख्खनच्या काळ्या बेसॉल्टची, जड. तिचं काँक्रीट घनमीटरला २५०० किलोच्या आसपास किंवा थोडं वर जातं, म्हणजे १५० मिमीचा नीट भरलेला क्यूब साडेआठ किलोच्या आगेमागे बसतो. तो आठ किलोच भरत असेल, तर आत हवा आहे. क्यूब नीट ठोकला नाही, आरएमसीवाल्याचं म्हणणं खरं असू शकतं. वजन बरोबर आणि ताकद कमी असेल, तर संशय पाण्यावर किंवा सिमेंटवर. मग तीन क्यूबांमधला फरक बघायचा. एखादा सरासरीपेक्षा १५ टक्क्यांहून जास्त दूर असेल तर तो नमुनाच विश्वासाचा नाही. मग सात दिवसांचा आकडा. सात दिवसांना व्यवस्थित असून २८ ला अडकला असेल, तर क्यूब हौदात होते की साइटवरच्या पत्र्याखाली, ते विचारायचं. मग मशीन. कोडप्रमाणे मिनिटाला १४ न्यूटन प्रति चौरस मिमी, १५० च्या क्यूबला सुमारे ३१५ किलोन्यूटन. एम-३० चा चांगला क्यूब फुटायला अडीच-तीन मिनिटं लागायला हवीत. अर्ध्या मिनिटात फोडणाऱ्या लॅबचे आकडे वरच येतात, आणि अशा लॅबमधून २६ आले असतील तर चिंता जास्तच.

एवढं सगळं झाल्यावरही संशय राहिला तर रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक पल्सने (काँक्रीट न तोडता करायच्या चाचण्या) कमजोर जागा हुडकून तिथे कोअर, म्हणजे कापून काढलेला गोल नमुना. कोअरच्या सममूल्य क्यूब ताकदीची सरासरी ग्रेडच्या ८५ टक्के आणि एकही कोअर ७५ टक्क्यांखाली नाही, म्हणजे तुमच्याकडे २५.५ आणि २२.५, तर ते काँक्रीट कोड स्वीकारतो. तोडायचं का हा प्रश्न या सगळ्याच्या शेवटी येतो, आणि बहुतेक वेळा येतच नाही.

हे इतकं लांबवलं, कारण कुठलाही कोर्स निवडताना मी एकच कसोटी लावेन: क्यूबचा कागद हातात आल्यावर हे प्रश्न तुमच्या तोंडून आपोआप निघतील का? नुसत्या व्याख्यानांनी ते होत नाही.

म्हणून माझा सल्ला उलट्या क्रमाचा आहे. आधी हात, मग व्याख्यानं, आणि पैसे सर्वांत शेवटी.

हात म्हणजे काय? सांवेर रोडला, देवास नाक्याच्या बाजूला आरएमसीचे प्लांट आहेत, शहरात एनएबीएल मान्यता असलेल्या चाचणी प्रयोगशाळा आहेत. तुमच्या ऑफिसच्या कामांना माल देणारा एखादा प्लांट असेलच. कन्सल्टंटच्या माणसाला तिथला क्वालिटीवाला सहसा नाही म्हणत नाही, उलट कुणी विचारलं याचंच त्याला अप्रूप वाटतं. काही महिने शनिवारची दुपार तिथे घालवा. स्वतः क्यूब भरा, तीन थरांत, प्रत्येक थराला किमान ३५ ठोके. दुसऱ्या दिवशी तेच मोल्ड उघडा. स्वतः मशीनखाली फोडा, आणि फुटलेला क्यूब फेकून देण्याआधी हातात घेऊन बघा: गिट्टी तुटली आहे की गिट्टीभोवतालचा मसाला सुटला आहे?

मग त्यांना मस्का लावून स्वतःच्या ट्रायल मिक्स करा. आयएस १०२६२ (मिक्स डिझाइनचा कोड) च्या २०१९ च्या आवृत्तीवरून एम-३० चं गणित आधी कागदावर मांडा. टार्गेट ३० अधिक १.६५ गुणिले ५ (ताकदीतल्या चढउताराचं प्रमाण विचलन), म्हणजे ३८.२५. पाणी-सिमेंट गुणोत्तर निवडा, मग तेच मिक्स पाणी थोडं वाढवून, थोडं कमी करून, केमिकलचा (पाणी न वाढवता काँक्रीट वाहतं ठेवणाऱ्या द्रव्याचा) डोस बदलून, रेतीच्या जागी एम-सँड (क्रशरची रेती) घालून. डफ अब्राम्सने १९१८ मध्ये सांगितलेला पाणी-सिमेंटचा नियम (पाणी जास्त, ताकद कमी) तुम्ही कॉलेजात पाठ केला असेल. तो स्वतःच्या सहा-आठ बिंदूंनी आलेखावर काढलात की पुन्हा विसरणार नाही.

आणि मिक्सपेक्षाही महत्त्वाची गोष्ट तिथे कळते, ती म्हणजे ओलावा. समजा तुमच्या मिक्समध्ये घनमीटरला पाणी १६५ लिटर, सिमेंट ३७० किलो, गुणोत्तर ०.४५ च्या जरा खाली. रेती ७५० किलो. जुलैत ढीग उघड्यावर भिजलाय, रेतीवर ४ टक्के मोकळं पाणी आहे, आणि बॅचिंगवाल्याने सकाळची सुधारणा (तेवढं पाणी मिक्समधून कमी करणं) केलीच नाही. रेतीतूनच ३० लिटर आत गेले. गुणोत्तर ०.५३ झालं. साइटवर कुणी एक तांब्या पाणी घातलं नाही, कुणी खोटं बोललं नाही, तरीही क्यूब नापास. याच्या तुलनेत सहा घनमीटरच्या गाडीत साइटवर ६० लिटर पाणी ओतलं तर गुणोत्तर ०.४७ च्या आसपास जातं. तेही वाईटच, त्याचं समर्थन नाही. स्लम्प (ताज्या काँक्रीटच्या पातळपणाचं माप) कमी पडला तर प्लांटच्या माणसाने केमिकल वाढवावं, पाणी नाही. पण इंजिनिअर लोक साइटवरच्या पाइपवर ओरडतात आणि प्लांटच्या ढिगाकडे बघतही नाहीत.

आता थोडं आपल्या शहराबद्दल, कारण हे कुठल्याच अभ्यासक्रमात मिळणार नाही. पावसाळ्यात नर्मदेची रेती उचलायला बंदी, त्यामुळे त्या महिन्यांत अचानक मिक्स बदलतात. साठवलेली रेती, एम-सँड, कधी दोन्हींचं मिश्रण. क्रशरच्या रेतीत ७५ मायक्रॉनखालची भुकटी आयएस ३८३ (गिट्टी-रेतीचा कोड) प्रमाणे १५ टक्क्यांपर्यंत चालते, नदीच्या रेतीत ३ टक्केच. म्हणजे जूनपर्यंत पास असलेलं मिक्स ऑगस्टमध्ये तेच आहे असं समजू नका. पुन्हा ट्रायल मागा. गिट्टी चपटी येते का, तेही बघा. चपट्या आणि लांबट कणांचा एकत्रित निर्देशांक ४० च्या वर नको, नाहीतर पंपवाला पाणी मागणारच.

उन्हाळ्यात बोअरच्या टँकरचं पाणी येतं. आरसीसीला क्लोराइड लिटरला ५०० मिग्रॅ, सल्फेट ४०० मिग्रॅच्या आत हवं. टँकरवाला बदलला की चाचणी बदलली, हे कुणीच लक्षात ठेवत नाही. आणि माळव्याची ती प्रसिद्ध संध्याकाळ! एप्रिल-मेमध्ये दुपारभर तापलेल्या सेंट्रिंगवर स्लॅब भरतात, चार-पाच वाजता कोरडा वारा सुटतो, सगळे म्हणतात वा काय छान, आणि ताज्या स्लॅबच्या वरून पाणी भराभर उडून जातं. सकाळी जाळीसारख्या भेगा. मालक घाबरतो, ठेकेदार सिमेंटला शिव्या देतो. हवा ४० च्या वर गेली की आयएस ७८६१ त्याला उष्ण हवामानातलं काँक्रीटिंग म्हणतो. पण माझ्या अनुभवात ३६-३७ अंश आणि वारा हा जास्त त्रासदायक जोड आहे, कारण तेव्हा कुणी सावधच नसतं. रात्री भरा, फिनिशिंग होताच प्लास्टिक टाका, तराईची (पाणी मारण्याची) वाट बघू नका.

बेसॉल्टचं आणखी एक, खास डिझाइनवाल्यांसाठी. काँक्रीटच्या स्थितिस्थापकता गुणांकाचं, म्हणजे ताठपणाचं, ५००० गुणिले एफसीकेचं वर्गमूळ हे सूत्र तुम्ही डोळे मिटून वापरता. कोड स्वतःच सांगतो की प्रत्यक्षातला आकडा २० टक्के इकडेतिकडे असू शकतो, आणि गिट्टी कडक असेल तर तो सहसा वरच्या बाजूला जातो. उंच इमारतीचं विस्थापन किंवा लांब कॅन्टिलिव्हरचं वाकणं काठावर असेल, तर प्लांटच्या काँक्रीटवर मापून घ्या. एम-सँडच्या मिक्सला पेस्ट जास्त लागली तर आकुंचनही बदलतं. डिझाइनवाल्याने मटेरियल शिकायचं ते अशा ठिकाणांसाठी. सिमेंटच्या भट्टीत किती तापमान असतं, ते नाही कळलं तरी तुमची इमारत उभी राहते.

आता तुम्ही विचारलेल्या वाटा.

व्याख्यानांसाठी एनपीटेल पुरेसं आहे, आणि फुकट आहे. आयआयटी मद्रासचे मनू संथानम आणि रवींद्र गेट्टू, आयआयटी दिल्लीचे बी. भट्टाचार्जी यांचे काँक्रीट आणि बांधकाम साहित्यावरचे अभ्यासक्रम तिथे आहेत. प्लांटवर काही शनिवार घालवून मग ऐका. स्लम्प का उतरतो हे स्वतः पाहिलेल्या माणसाला केमिकलवरचं व्याख्यान रंगतदार वाटतं, न पाहिलेल्याला झोप येते. परीक्षेची फी देऊन सर्टिफिकेट घ्यायचं की नाही, ते तुमच्या शिस्तीवर आहे. तारीख डोक्यावर नसेल तर अभ्यास होत नाही अशांपैकी असाल तर घ्या. आयएस कोडही आता बीआयएसच्या (भारतीय मानक ब्यूरोच्या) संकेतस्थळावर मोफत उतरवता येतात, त्यामुळे झेरॉक्सच्या झेरॉक्सवर काम करायचं कारण उरलेलं नाही.

एसीआयचं फील्ड टेस्टिंग टेक्निशियन, ग्रेड वन. हे भारतातही करता येतं. लेखी परीक्षेबरोबर सात चाचण्या परीक्षकासमोर हाताने करून दाखवाव्या लागतात, हे मला त्यातलं सगळ्यात आवडतं. पण ते अमेरिकन पद्धतीवर आहे. तिथे क्यूब नाही, सिलिंडर. एकाच काँक्रीटचा सिलिंडर क्यूबच्या साधारण ८० टक्के आकडा देतो, आणि हे न कळल्याने गोंधळ झालेले मी पाहिलेत. सर्टिफिकेट पाच वर्षांनी नवं करावं लागतं. आखातात जायचं असेल, परदेशी क्लायंटचं काम असेल किंवा क्वालिटीकडे वळायचं असेल तर जरूर करा. इंदूरमध्येच राहून डिझाइन करणार असाल तर तेच हात शनिवारी फुकट तयार होतात.

एनसीबीचे बल्लभगडचे छोटे कोर्स चांगले, कारण मागे खरीखुरी प्रयोगशाळा आहे. काही दिवसांचे असतात. प्रवास, राहणं, रजा धरून खर्च होतो, म्हणून हा मी ऑफिसच्या पैशाने करण्यासारखा मानते. आणि प्रश्न घेऊन जा. माझ्याकडे चार नापास नमुने आहेत, कारण सांगा, असं म्हणणाऱ्याला तिथल्या लोकांकडून जेवणाच्या सुट्टीत जे मिळतं ते वर्गात मिळत नाही.

एम.टेक. फक्त यासाठी करू नका. आपल्या इंदूरच्या एसजीएसआयटीएस कॉलेजात किंवा कुठेही स्ट्रक्चरचं एम.टेक. केलंत तर डायनॅमिक्स, फायनाइट एलिमेंट, भूकंप हे पक्कं होईल, आणि ते स्वतःच्या जोरावर करण्यासारखं आहेच. काँक्रीट मात्र त्यात बहुतेक ठिकाणी एखाद-दुसऱ्या विषयापुरतं येतं. मटेरियलमध्येच आयुष्य काढायचं ठरलं असेल तर आयआयटी मद्रासच्या बांधकाम तंत्रज्ञानाच्या गटासारख्या ठिकाणी जा. पण तो नोकरी सोडण्याचा निर्णय आहे, एका क्यूबवरून घेण्याचा नाही.

सिमेंट आणि केमिकल कंपन्यांचे सेमिनार तुम्ही विचारले नाहीत, पण आमंत्रणं येत असतील. जा. इंदूरमध्ये जेवण वाईट मिळण्याचा प्रश्नच नाही, आणि वक्ता कधीकधी खरंच जाणकार असतो. फक्त जो आलेख दाखवतील त्यात तुलना कुठल्या काँक्रीटशी केली आहे, तेवढं विचारा.

कुठला क्रम तुम्हाला लागू पडेल हे काही गोष्टींवर आहे. प्लांट किंवा लॅब तुम्हाला आत घेणारच नसेल, तर एसीआय किंवा एनसीबी आधी, कारण हात चालवायला दुसरी जागा नाही. तुमच्या ऑफिसची कामं मुख्यतः तीन मजली घरं असतील आणि काँक्रीट साइटवरच्या मिक्सरचं असेल, तर आरएमसीपेक्षा ठेकेदाराच्या मिक्सरजवळ जास्त वेळ काढा. तिथले दोष वेगळे, घमेल्याच्या मापातले. आणि तुम्हाला मुळात हे आवडतच नसेल, तर एखादा चांगला मटेरियल सल्लागार ओळखीचा ठेवणं हाही सभ्य मार्ग आहे. सगळ्यांनी सगळं शिकलंच पाहिजे असं नाही. पण त्याला काय विचारायचं, एवढं तरी कळायला हवं.

राहिला ऑफिसचा प्रश्न. साहेबांकडे पैसे मागू नका, शनिवारची दुपार मागा, आणि बदल्यात काहीतरी द्या. तुमच्या ड्रॉइंगवर काँक्रीटची नोट एका ओळीची असेल, "एम-३०, २० मिमी गिट्टी". ती नोट पुन्हा लिहून देतो म्हणा. जास्तीत जास्त पाणी-सिमेंट गुणोत्तर आणि किमान सिमेंट, उघडेपणाच्या वर्गाप्रमाणे (हवा-पाण्याचा काँक्रीटला किती त्रास, त्यावरून ठरणारा वर्ग): मध्यमला ०.५० आणि ३०० किलो, तीव्रला ०.४५ आणि ३२० किलो. पंपाचा स्लम्प कुठे मोजायचा, प्लांटवर की साइटवर. पीपीसी (पोझोलाना मिसळलेलं सिमेंट) किंवा फ्लाय अ‍ॅश असेल तर तराई सात दिवसांची नाही, किमान १० आणि शक्यतो १४ दिवस. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवस, त्याहून मोठ्याचे १४, हे कोडमधले आकडे साध्या सिमेंटचे आहेत, पीपीसीला ते तसेच उतरवू नका. किती घनमीटरला किती नमुने: १६ ते ३० ला तीन, ३१ ते ५० ला चार. क्यूबांची वजनं कागदावर लिहिणं बंधनकारक. आणि प्रत्येक गाडीबरोबर बॅच शीट (प्लांटवर मोजून घातलेल्या मालाचा कागद), ज्यात रेतीच्या ओलाव्याची त्या दिवशीची सुधारणा दिसलीच पाहिजे. ही शेवटची ओळ टाकली की प्लांटवाला तुम्हाला फोन करेल. तेव्हाच त्याला विचारा, शनिवारी येऊ का.